शनिवार पाळणारे मराठी घर

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परीक्षांच्या वेळापत्रकांसंबंधी आपल्या दैनिकात नुकतेच प्रसिद्ध झालेले एका वाचकाचे पत्र मी लक्षपूर्वक वाचले. शनिवारी पेपर आल्यास पर्यायी दिवस मिळावा, ही ज्यू विद्यार्थ्यांची विनंती मान्य करण्याचे काही कारण नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ज्यू समाज मुळात इथला नाही, हे त्यांनी दिलेले एक कारण. आणि आठवड्यातला एक अख्खा दिवस दिव्याचे बटणही न दाबण्याची रूढी आजच्या काळाशी विसंगत आहे, हे दुसरे. पत्राची भाषा सभ्य होती आणि लेखकाच्या मनात कोणाविषयी आकस असेल असे मला वाटले नाही. मात्र त्यांची दोन्ही विधाने अपुऱ्या माहितीवर उभी आहेत. मी सांगलीत राहते, मराठी शाळेत मुलांना शिकवण्यात माझी नोकरी सरली आणि दर शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी माझ्या घरात शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लागतो. त्यामुळे या विधानांना उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते. पत्र लांबणार आहे, पण विषयच तसा आहे.

महाराष्ट्रातले आम्ही ज्यू स्वतःला बेने इस्रायल म्हणवतो. पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे सांगत आलेली हकीकत अशी की, फार प्राचीन काळी कोकण किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नवगावपाशी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या जिवंत किनाऱ्याला लागल्या. जे बुडाले त्यांना नवगावातच मूठमाती मिळाली आणि आज त्या जागी स्मारक उभे आहे. हे नेमके कोणत्या शतकात घडले याबाबत अभ्यासकांत एकमत नाही, पण पुढच्या गोष्टीविषयी कोणाचे दुमत नाही. वाचलेल्यांच्या वंशजांनी कोकणातल्या गावोगावी तेलाचा घाणा चालवला, शेती केली, मराठी बोलू लागले आणि ज्या गावात राहिले त्या गावाचे नाव आडनाव म्हणून लावले. पेणकर, रोहेकर, किहीमकर, चौलकर, दिवेकर, झिराडकर, आष्टमकर ही आडनावे वाचून कोणाला परदेश आठवेल असे मला वाटत नाही.

ग्रंथ त्यांच्याजवळ नव्हते. हिब्रू भाषा विसरली गेली, प्रार्थना विसरल्या गेल्या, जगातल्या इतर ज्यूंशी संबंध उरला नाही. तरीही मुलाची आठव्या दिवशी सुंता होत राहिली, खवले आणि पर असलेलेच मासे घरात शिजत राहिले, देव एकच आहे हे सांगणारे ‘शेमा’चे शब्द जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी उच्चारले जात राहिले, आणि शनिवारी घाणा बंद राहिला. कोकणात सोमवारी, म्हणजे शंकराच्या वारी, घाणा न जुंपणारे तेली होते, त्यांना लोक सोमवार तेली म्हणत; आमच्या पूर्वजांना त्याच गावांनी शनिवार तेली म्हटले. एखाद्या धर्मपंडिताने आमची ओळख पटवली त्याच्या कितीतरी आधी ती गावातल्या शेजाऱ्यांना पटली होती, आणि त्यांनी शनिवारच्या बंद घाण्यावरून ती ओळखली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे बाहेरून आलेले ज्यू दावीद राहाबी यांनी या समाजाला हिब्रू प्रार्थना आणि धर्मविधी पुन्हा शिकवले आणि झिराड, शापूर व राजपूर या गावांच्या घराण्यांतल्या तिघांना काजी, म्हणजे धर्मविधी चालवणारे, म्हणून तयार केले, असे परंपरा सांगते. त्यांनी बायकांना नाना प्रकारचे मासे रांधायला दिले आणि बायकांनी त्यातले खवल्यांचे तेवढे वेगळे काढले, हा त्या कथेतला प्रसंग आमच्या घरातल्या लहान मुलांनाही तोंडपाठ असतो. म्हणजे पुरुष काही जपत होते ते घाण्यावर, आणि बायका जपत होत्या त्या चुलीपाशी.

त्यानंतरचा इतिहास कागदोपत्री आहे. इंग्रजांच्या पलटणीत भरती झालेले सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून परत आले आणि १७९६ मध्ये मुंबईत त्यांनी आमच्या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. आम्ही सिनेगॉगला परंपरेने ‘मशीद’ म्हणतो. अलिबागच्या इस्रायल आळीतली मशीद १८४८ ची, पुण्याच्या रास्ता पेठेतली १९२१ ची. पुण्याच्या छावणीत डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेले आणि १८६७ मध्ये पूर्ण झालेले सिनेगॉग इराककडून आलेल्या बगदादी ज्यूंचे, पण त्याच्या लाल विटांमुळे पुणेकरांनी त्याला ‘लाल देऊळ’ करून टाकले आणि आजही पत्ता विचारताना तेच नाव चालते. १८३२ साली हिब्रूचे व्याकरण बेने इस्रायलांसाठी मराठीत छापले गेले. पेसाहच्या, म्हणजे मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायचा हग्गादा हा ग्रंथ १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापला, आणि त्यातल्या चित्रात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका चक्क नऊवारी नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढण्यात पुढाकार घेतला आणि समाजाचा पहिला सविस्तर इतिहास लिहिला. १८८० च्या सुमारास तर अब्राहाम आणि योसेफ यांच्या कथांवर मराठीत, साकी-दिंडी-ओव्यांसह, बेने इस्रायल कीर्तने होऊ लागली. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या आणि कीर्तनाला जाणत्या वयापासून बसणाऱ्या सांगलीकरांना यातला आपलेपणा मी वेगळा समजावून सांगायला नको.

आमचे सणही आम्ही मराठीतच ओळखले. हिब्रू नावे पुन्हा शिकण्याआधी वर्षारंभ हा ‘नव्याचा सण’ होता, प्रायश्चित्ताचा दिवस हा ‘दरफाळणीचा सण’ होता, कारण त्या दिवशी दारे लावून घेऊन लोक उपासात आणि प्रार्थनेत राहत. यरुशलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास बिरड्यांनी सोडत, म्हणून तो बिरड्यांचा. या समाजाला ‘मुळात इथला नाही’ असे म्हणायचे असेल, तर मूळ म्हणजे किती शतके, याचा काही हिशेब आधी ठरवावा लागेल.

आता सांगलीविषयी. माझे सासरे रेल्वेत होते. रेल्वे, टपाल, सैन्य, इस्पितळे आणि शाळा या नोकऱ्यांमुळे बेने इस्रायल कुटुंबे जिथे बदली होईल तिथे पांगली, आणि आमचे कुटुंब मिरज जंक्शनला येऊन पुढे सांगलीत विश्रामबागेत स्थिरावले. इथे मशीद नाही. आमच्या धर्मात सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. दहा जण नसतील तर तोराची, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथाची, गुंडाळी उघडून वाचता येत नाही, आणि मृतासाठी म्हणायचे कद्दीशही म्हणता येत नाही. माझे यजमान गेले तेव्हा कद्दीशसाठी माझ्या मुलाला पुण्याची वाट धरावी लागत असे. शब्बाथला प्रवास वर्ज्य, म्हणून तो शुक्रवारी दुपारीच रास्ता पेठेत नातेवाइकांकडे पोहोचत असे आणि शनिवारी रात्री उशिराच्या एस.टी.ने परत फिरत असे. मोठ्या शहरातल्या माणसाला शब्बाथ म्हणजे मशिदीतली गर्दी, ओळखीचे चेहरे, प्रार्थनेनंतर एकमेकांच्या हाताला हात लावून आपली बोटे ओठांशी नेण्याची आमची जुनी रीत, हे सगळे आठवते. वडीलधाऱ्यापासून सुरू झालेला तो हात रांगेने सगळ्यांत लहान मुलापर्यंत पोहोचतो. सांगलीसारख्या गावात यातले काही नसते. इथे शब्बाथ घरात जगवावा लागतो, आणि तो जगतो की नाही हे शुक्रवारच्या दुपारी ठरते.

त्या दुपारचे थोडे सविस्तर सांगते, कारण पत्रलेखकांनी शब्बाथ हा ‘काही न करण्याचा दिवस’ मानला आहे आणि त्यामागे किती करावे लागते हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलेले नाही. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. सांगलीत हिवाळ्यात सहाच्या आसपास आणि उन्हाळ्यात सातच्या सुमारास सूर्य मावळतो. दिवा त्याआधी लागला पाहिजे, कारण शब्बाथ लागल्यावर विस्तव पेटवायचा नाही. त्यामुळे दोन्ही दिवसांचा स्वयंपाक, आंघोळी, धुणे, झाडलोट, दुसऱ्या दिवशीच्या कपड्यांच्या इस्त्र्या हे सगळे आधी उरकायचे. नारळाच्या दुधातले मासे किंवा कोंबडीचे कालवण करायचे. मांसाबरोबर दूध-दही-तूप आम्ही चालू देत नाही, म्हणून आमच्या स्वयंपाकात नारळाच्या दुधाला एवढे महत्त्व आले. दोन चपात्या स्वच्छ पांढऱ्या कापडाखाली झाकून ठेवायच्या. मिसरमधून सुटलेल्या आमच्या पूर्वजांना वाळवंटात दर शुक्रवारी दोन दिवसांचा मान्ना, म्हणजे देवाने धाडलेले अन्न, मिळत असे, त्याची ती आठवण.

मग किद्दुश. शब्बाथचे स्वागत द्राक्षरसावर आशीर्वाद म्हणून करायचे असते. जगभरचे ज्यू त्यासाठी द्राक्षाची दारू वापरतात. कोकणात ती मिळत नसे, म्हणून आमच्या लोकांनी काळ्या मनुकांचे सरबत केले आणि ते धर्माला मान्य आहे. मनुका निवडून, देठ काढून, दोन पाण्यांनी धुऊन गुरुवारी रात्री भिजत घालायच्या. शुक्रवारी दुपारी त्या हाताने कुस्करून मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्यायच्या. हे गाळणेही सूर्यास्तापूर्वीच, कारण फळ पिळून रस काढणे हे शब्बाथला वर्ज्य काम आहे. पहिला रस दाट आणि जवळजवळ काळा निघतो; दुसऱ्यांदा थोडे पाणी घालून पिळला की तांबूस होतो, आणि दोन्ही एकत्र केले की चांदीच्या पेल्यात ओतण्याजोगा रंग येतो. मुंबईतल्या माझ्या माहेरी या मनुका मोजून आणत. सांगलीत आले तेव्हा माझ्या लक्षात आले की, आपण बेदाण्याच्या माहेरघरातच येऊन पडलो आहोत. तासगावच्या रानातली द्राक्षे, शेडवर वाळणारा माल आणि मार्केट यार्डातले बेदाण्याचे सौदे हे इथल्या वाचकांना सांगायची गरज नाही. आमचे ओळखीचे एक अडते आहेत, ते चांगल्या काळ्या मनुका दिसल्या की बाजूला काढून ठेवतात आणि गाठ पडली की म्हणतात, “बाई, तुमचा शुक्रवारचा माल आलाय.” कोकणातल्या रिवाजाला तासगावच्या शिवारातून दर आठवड्याला रसद मिळते आणि ती देणाऱ्याला आपण काही विशेष करतो आहोत असे वाटतही नाही. ज्या समाजाला मशीद नाही, त्याला असे शेजारी असावे लागतात.

दिव्यासाठी काचेच्या पेल्यात तळाशी पाणी आणि वर खोबरेल तेल घालून त्यात वात सोडायची. ही कोकणातली रीत. मेणबत्त्याही चालतात, पण मी तेलाचाच दिवा लावते. दिवा लावून, डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हटला की घरातली स्त्री शब्बाथ घरात घेते. त्यानंतर मुलांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना आशीर्वाद द्यायचा, सृष्टीच्या सहा दिवसांनंतर देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला हा तोराच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकातला भाग म्हणायचा, आणि पेला सगळ्यांच्या हातांतून फिरवायचा. शनिवारी सकाळी मिन्यान नसले तरी त्या आठवड्याचा तोराचा भाग घरात वाचायला कोणाची आडकाठी नाही. तोराचे चोपन्न भाग केलेले आहेत आणि जगातले सगळे ज्यू एका आठवड्यात सहसा एकच भाग वाचतात. माझा नातू सांगलीत जे वाचतो तेच त्या दिवशी अलिबागला आणि पुण्याला वाचले जाते. इस्रायलमधल्या लोद, दिमोना, अश्दोद, बेरशेबा इथे स्थायिक झालेले आमचे भाऊबंदही तेच वाचतात. दहा माणसे एका छताखाली नसताना समाज म्हणून टिकण्याचा यापेक्षा भक्कम उपाय मला माहीत नाही. शनिवारी रात्री हव्दाला करून, म्हणजे पेल्यावर, सुगंधी मसाल्यावर आणि ज्योतीवर आशीर्वाद म्हणून, शब्बाथला निरोप द्यायचा. आमच्याकडे वासासाठी लवंग-दालचिनी किंवा सब्जाची डहाळी घेतात. पावसाळ्यात इथे तारे दिसत नाहीत, तेव्हा घड्याळावरून वेळ धरतो.

आता बटणाच्या आक्षेपाविषयी. शब्बाथला वर्ज्य असलेली ३९ प्रकारची कामे आमच्या धर्मशास्त्राने सांगितली आहेत. नांगरणे, पेरणे, कापणी, दळणे, भाजणे, विणणे, शिवणे, लिहिणे, बांधणे, पेटवणे, विझवणे अशी ती आहेत. नीट पाहिले तर ही सगळी माणसाने वस्तूवर हुकमत गाजवण्याची, काहीतरी घडवण्याची कामे आहेत. सहा दिवस ही हुकमत चालवावी आणि एक दिवस ती खाली ठेवावी, एवढेच शब्बाथ मागतो. विजेचे बटण हा त्यातला अर्वाचीन प्रश्न आहे आणि त्याबाबत घराघरांत फरक आहे. बेने इस्रायलांत काटेकोर पाळणारे आहेत, तसे दिवा आणि किद्दुश तेवढे करून बाकी सोडून देणारेही पुष्कळ आहेत, आणि नोकरीपायी शनिवारी कामावर जाणारे तर फारच. मला मात्र बटणावरून चाललेली थट्टा खटकते. दिवसभर मोबाइलचे बटण दाबत बसणारे घर आणि एक दिवस ते न दाबता एकमेकांशी बोलणारे घर, यांतले विसंगत कोणते हे पत्रलेखकांनी शांतपणे ठरवावे.

शब्बाथची आज्ञा ही एकट्या मालकासाठी नाही. दहा आज्ञांमध्ये ती चौथी आहे, आणि तिच्यात तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरेढोरे आणि तुझ्या वेशीत राहणारा परका, या सर्वांनी त्या दिवशी विसावावे असे स्पष्ट म्हटले आहे. गुलामगिरी सर्वत्र चालत होती त्या काळात गुलामाला आणि बैलाला आठवड्याची हक्काची सुटी देणारा हा नियम आहे. आपल्याकडे बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, त्याला न्हाऊ-माखू घालतात, पुरणपोळी चारतात. ज्याच्या कष्टावर आपण जेवतो त्याला एक दिवस मोकळा सोडावा, ही जाण तीच. शनिवार तेल्याच्या घाण्याचा बैल दर आठवड्याला मोकळा असे.

साप्ताहिक सुटी ही आकाशातून पडलेली वस्तू नाही, हे तर महाराष्ट्राने विसरूच नये. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज-विनंत्या केल्या, वर्षानुवर्षे झगडले, तेव्हा १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने कामगारांना तो देवकार्यासाठी मोकळा हवा, असेही लोखंडे यांनी मांडले होते. म्हणजे विसावा आणि श्रद्धा यांची जोड एका सत्यशोधकाला अडचणीची वाटली नव्हती. आज ज्या रविवारी पत्रलेखक निवांत वृत्तपत्र वाचतात, तो असा मिळालेला आहे. आमचा वार वेगळा आहे, इतकाच काय तो फरक.

आणि शब्बाथ माणसापेक्षा मोठा आहे असेही कोणी समजू नये. जीव वाचवण्याची वेळ आली की शब्बाथचे सगळे नियम बाजूला ठेवणे ही सवलत नसून धर्माची आज्ञा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी गावभागात शिरले, तेव्हा तिथली ओळखीची कुटुंबे आमच्याकडे मुक्कामाला होती. त्यात तापाने फणफणलेले एक लहान मूल आणि एक मधुमेही आजी होत्या. त्या शुक्रवारी दिवा लागला, किद्दुशही झाले, आणि त्यानंतर रात्रभर गॅस पेटत होता, फोन वाजत होते, माझा मुलगा औषधासाठी मोटारसायकल घेऊन बाहेर पडला होता. त्यातल्या एकाही गोष्टीसाठी आम्हाला कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही. बेने इस्रायल समाजाने डॉ. जेरुशा झिराड यांच्यासारख्या, मुंबईच्या कामा इस्पितळात आयुष्य वेचलेल्या आणि १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या डॉक्टर दिल्या. प्रसूतीला वार नसतो, हे आमच्या धर्माला माहीत आहे. म्हणून आम्ही सवलत मागतो ती इस्पितळाच्या ड्युटीतून नाही, पुराच्या कामातून नाही. ज्या गोष्टीचा दिवस बदलला तर कोणाचे काही बिघडत नाही, त्या परीक्षेपुरती मागतो.

माझ्या स्वतःच्या नोकरीत शनिवारची सकाळची शाळा असे. सहकारी शिक्षिका समजूतदार होत्या. मी त्यांचे इतर दिवसांचे जादा तास घ्यावेत आणि त्यांनी माझा शनिवार सांभाळावा, अशी आमची आपसांतली व्यवस्था कित्येक वर्षे विनातक्रार चालली. वरिष्ठ बदलले की ती पुन्हा समजावून सांगावी लागे, पण एकदा समजली की चाले. माझ्या नातीच्या वाट्याला मात्र निराळे आले. तिच्या प्रवेश परीक्षेचा दिवस शनिवार निघाला. तिने महिनाभर आधी लेखी अर्ज केला, रविवारी किंवा शनिवारी सूर्यास्तानंतर देखरेखीखाली पेपर देण्याची तयारी दाखवली. “असा कुठला धर्म आमच्या यादीत नाही,” असे तिला खिडकीवर सांगण्यात आले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिलेला आहे. यादीत नाव आहे, ते त्या खिडकीपर्यंत पोहोचलेले नव्हते. मुलीने ती परीक्षा दिली नाही. हा निर्णय तिचा होता, आम्ही तिच्यावर कसलाही दबाव आणला नव्हता, उलट तिच्या वडिलांनी तिला बसायला सुचवले होते. तिचे वर्ष गेले. ज्या खिडकीवर हे घडले तिचे नाव मी इथे घेत नाही, कारण माझी तक्रार त्या एका कर्मचाऱ्याविरुद्ध नाही.

आमची संख्या फार थोडी उरली आहे, हे खरे. १९४८ च्या सुमारास देशात वीस हजारांच्या आसपास असलेला बेने इस्रायल समाज इस्रायलच्या स्थापनेनंतर मोठ्या प्रमाणावर तिकडे गेला. तिथेही त्यांना आपले ज्यू असणे सिद्ध करण्यासाठी झगडावे लागले. लग्नाच्या बाबतीत त्यांच्याविषयी शंका घेतल्या गेल्या, त्याविरुद्ध त्यांनी आंदोलन केले आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू आहेत हे तिथल्या सरकारला जाहीर करावे लागले. त्याच लोकांनी तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले. २०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात मिळून ज्यू होते सुमारे ४,६५०, त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. तिकडे ‘हिंदुस्थानी’ म्हणून आणि इकडे ‘बाहेरचे’ म्हणून वेगळे काढले जाण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांच्या घरातल्या मुलांना तोच शब्द पुन्हा वृत्तपत्रात वाचावा लागू नये असे मला मनापासून वाटते. पश्चिम आशियातल्या घडामोडींवर ज्याचे त्याचे मत असू शकते, माझेही आहे. पण त्या घडामोडींचा जाब मिरज-सांगलीत चार पिढ्या राहिलेल्या कुटुंबाच्या शुक्रवारच्या दिव्याला विचारणे योग्य नाही.

संख्या थोडी म्हणून सोय कशाला, असा प्रश्न येईल. मला उलट वाटते. इतक्या थोड्या मुलांसाठी सोय करायला खर्च नाही, मनुष्यबळ नाही, वेळापत्रक बदलायचे नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी होणाऱ्या सॅट परीक्षेत धार्मिक कारणाने शनिवारी बसू न शकणाऱ्यांना रविवारी बसण्याची व्यवस्था आहे. संगणकावरच्या ज्या परीक्षा आपल्याकडे अनेक दिवस आणि अनेक सत्रांत चालतात, त्यांत तर हे अगदीच सोपे आहे: अशा विद्यार्थ्याला शनिवारचे सत्र न देता दुसरे द्यायचे, एवढेच. हीच सोय सातवा दिवस पाळणाऱ्या काही ख्रिस्ती पंथीयांनाही उपयोगी पडेल, आणि उद्या आणखी कोणाला एखादा वार अडला तर त्यालाही. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला दिलेले धर्माचरणाचे स्वातंत्र्य अशा लहानसहान व्यवस्थांमधूनच प्रत्यक्षात येते.

तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या शाळा, महाविद्यालये आणि राज्यातली परीक्षा घेणारी मंडळे यांना आपल्या दैनिकाच्या माध्यमातून माझी विनंती आहे की, परीक्षेच्या अर्जात धार्मिक कारणाने एखादा वार अडत असल्यास तो नोंदवण्यासाठी एक रकाना ठेवावा, त्यासोबत पालकांचे किंवा समाजाच्या मान्य संस्थेचे पत्र घ्यावे, आणि शक्य असेल तिथे दुसरे सत्र द्यावे. शक्य नसेल तर तसे कारणासह लेखी आणि वेळेत कळवावे, म्हणजे मुलाला पुढचा विचार करता येईल. पत्रलेखक महोदयांना याविषयी आणखी काही विचारायचे असल्यास त्यांनी आपल्या दैनिकातूनच अवश्य विचारावे. मी उत्तर देईन, फक्त ते शनिवारी लिहिणार नाही.

आपली विश्वासू,
एक बेने इस्रायल वाचक, निवृत्त शिक्षिका
विश्रामबाग, सांगली